वाघ मागितला, गोगलगाय मिळाली (जीनोमच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी)

दर जूनमध्ये दोनतीन जण तरी मेसेज करतात की ताई एमएस्सी झूलॉजी झालंय, जीनोम सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे प्राण्याचा अख्खा डीएनए अक्षर अक्षर वाचायच्या कामात यायचंय, आणि गंमत म्हणजे सगळ्यांना वाघच हवा असतो. मलाही तोच हवा होता. 2021 ला ओडिशातल्या सिमिलिपालच्या काळ्या वाघांवरचा पेपर आला, बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या ग्रुपचा. टॅकपेप नावाच्या एका जीनमधलं एकच अक्षर बदललंय म्हणून पट्टे रुंद होऊन एकमेकांत मिसळतात आणि वाघ काळा दिसतो, आणि बाकीच्या वाघांपासून तुटलेल्या तिथल्या मोजक्या वाघांत हा बदल पसरत गेला. ते वाचून भारावून मी इंटरव्ह्यूला गेले, आणि हातात काय आली, तर आंबोलीची गोगलगाय.

आता वाटतं बरं झालं. वाघासारख्या, वन्यजीव कायद्याच्या शेड्यूलमधल्या (संरक्षित यादीतल्या) प्राण्याचं सॅम्पल म्हणजे परवानग्यांचं जंगल, फ्रेशर तिथेच म्हातारा होतो. गोगलगायीलाही वनखात्याचं पत्र लागतंच म्हणा, आणि सॅम्पल परदेशी लॅबला पाठवायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी. हे अर्ज आधी टाका, मशीनची स्वप्नं नंतर बघा.

गोगलगायीचा खरा वैताग म्हणजे तिचा चिकटा. त्यातली साखरेच्या रेणूंची लांब साखळी डीएनएबरोबरच खाली बसते आणि सुटता सुटत नाही. नॅनोड्रॉप नावाच्या, भेसळही डीएनएत धरणाऱ्या यंत्रावर आकडा एकदम झकास यायचा, मी खूश, आणि फक्त डीएनए मोजणाऱ्या क्युबिटवर मोजलं की त्याच्या पावपट पण नाही. म्हणून नेहमीच्या किटचा नाद सोडून सीटॅब या साबणासारख्या रसायनाचा जुना प्रोटोकॉल धरला, जो खरं तर झाडपाल्यासाठी वापरतात. तो जमला तेव्हा थंड आयसोप्रोपॅनॉल ट्यूबच्या कडेनं हळूच सोडलं आणि दोन थरांच्या मध्ये कापूस पिंजल्यासारखा पांढरा गुंता तरंगत वर आला. तो डोळ्यांनी दिसतो हो! मी अख्ख्या लॅबला बोलावून दाखवला.

आणि मग माती केली. कॉलेजपासूनची सवय, ट्यूब उचलली आणि ती गरगर हलवणाऱ्या व्हॉर्टेक्स मशीनवर धरली, पाच सेकंद फक्त. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर वरच्या बाजूला एक घट्ट पट्टी दिसायला हवी होती तिथे वरपासून खालपर्यंत झाडू फिरवल्यासारखा फराटा. लांब धागे तुटून भुगा झाला होता. हाताशी दुसरं सॅम्पल नाही, गोगलगायी पावसाळा संपला की दडी मारून बसतात, त्यामुळे पाच सेकंदांसाठी एक वर्ष गेलं. तेव्हा ट्यूब हातानं हळूहळू उलटसुलट करायची, पिपेटची टिप रुंद तोंडाची घ्यायची, आणि ऊतीचा तुकडा जागेवरच लिक्विड नायट्रोजनमध्ये टाकायचा. अल्कोहोलमध्ये ठेवलेलं जुनं सॅम्पल एकदोन जीन वाचायला चालतं, अख्ख्या जीनोमला बहुतेक वेळा नाही.

लांब धाग्यांचा एवढा हट्ट कशाला? समजा आरत्यांचं पुस्तक फाडून तुकडे केले आणि तुमच्या हातात नुसतं पालुपद आलं, तर ती गणपतीची की शंकराची, कसं सांगणार? जीनोममध्ये अशी पालुपदं, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारे तेच ते तुकडे, खच्चून भरलेली असतात. पॅकबायो कंपनीच्या मशीनचे हायफाय रीड्स, म्हणजे एका दमात वाचलेले तुकडे, साधारण 15 ते 20 हजार अक्षरांचे असतात, म्हणून त्यात पालुपदाबरोबर आजूबाजूचं कडवंही येतं. आणि प्राणी छोटा म्हणून जीनोम छोटा असं धरून चालू नका, दक्षिण अमेरिकेतल्या लंगफिशचा 2024 ला प्रसिद्ध झालेला जीनोम 91 अब्ज अक्षरांचा आहे, माणसाच्या जवळपास तीसपट. प्रोजेक्ट घेताना गाईडला पहिला प्रश्न हाच विचारा की जीनोम केवढा, कारण सगळा खर्च त्यावर ठरतो.

त्यापुढचं काम कॉम्प्युटरवर बसून, वाचलेले तुकडे जुळवायचं. लिनक्स, थोडं पायथन किंवा आर या भाषेतलं प्रोग्रॅमिंग. मी घाबरले होते, पण जीनोमच्या डेटावर काम करायला गॅलक्सी नावाची फुकट सोय आहे, ब्राउजरमध्येच चालते, आणि एनसीबीआय या अमेरिकन सरकारी साइटवर लोकांचा कच्चा डेटा पडलेला असतो तो उतरवून आधी पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा छोटा जीनोम जुळवून बघा. सीव्हीत सर्टिफिकेटं कमी आणि असलं एखादं केलेलं काम असेल तर मी तरी आधी ते वाचते.

मजा शेवटी येते, जुळवलेला जीनोम नात्यातल्या प्रजातींच्या जीनोमशेजारी ठेवला की. शंखाचंच घ्या. उजव्या सोंडेच्या गणपतीसारखा दक्षिणावर्ती शंखाला आपल्याकडे वेगळा मान, पण तळ्यातल्या एका गोगलगायीत शंख कुठे वळणार हे एकच जीन ठरवतं, आणि तेही पिल्लाचं नाही, आईचं! ते जीन नेमकं कोणतं हे 2016 ला कळलं. आमच्या आंबोलीवालीत त्याच जागी काय आहे ते मी सध्या बघतेय.

पावसात फील्डला याल तेव्हा जळवांसाठी मिठाची पुडी न्यालच, सगळेच नेतात. ती सॅम्पलच्या पिशवीत ठेवू नका. का, ते विचारू नका.