घराच्या आवारातील झाड तोडण्याची परवानगी : अर्जातील ‘कारण’ कसे लिहावे

महाराष्ट्रातील महानगरपालिका आणि नगरपरिषदांच्या हद्दीत 1975 चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. जमीन आपली आणि झाडही आपणच लावलेले असले, तरी वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय ते तोडता येत नाही. ग्रामीण भागासाठी 1964 चा वेगळा कायदा असून त्याच्या अनुसूचीत साग, चंदन, खैर, आंबा, फणस अशी झाडे येतात, म्हणून तेथे आधी झाडाची जात पाहावी.

अर्ज उद्यान विभागात किंवा पालिकेच्या संकेतस्थळावर करावा. मालकीचा पुरावा आणि झाडाचे स्थान दाखवणारा साधा नकाशा सोबत द्यावा, तसेच सोसायटी असल्यास तिचा ठरावही जोडावा.

खरी अडचण ‘कारण’ या रकान्यात येते आणि माझे सुरुवातीचे अर्ज तेथेच अडकून पडत. ‘झाड धोकादायक आहे’ एवढे लिहून भागते, असे सांगणाऱ्यांचे ऐकू नये, कारण पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ते वाक्य प्रत्येक अर्जात वाचावे लागते. पानांचा कचरा, पक्ष्यांची घाण, गाडी लावायला अडचण ही कारणे तर लिहूच नयेत, त्यांनी अर्जातील खरे कारणही संशयास्पद ठरते. जे दिसते आणि मोजता येते तेच लिहावे. झाड कोणत्या दिशेला झुकले आहे, झुकावाच्या विरुद्ध बाजूला जमिनीला भेग पडली आहे का, बुंध्यावर छत्रीसारखी कडक बुरशी उगवली आहे का, लाकडी हातोडीने ठोकल्यावर आवाज पोकळ येतो का आणि येत असल्यास किती उंचीपर्यंत, हे एकेका वाक्यात नोंदवावे. कुंपणाच्या भिंतीला तडा असेल, तर त्यावर मोजपट्टी धरून छायाचित्र घ्यावे आणि महिन्याभराने त्याच जागेवरून पुन्हा घ्यावे, कारण तडा वाढतो आहे हे एका छायाचित्रातून सिद्ध होत नाही. वाळवीचा फार बाऊ करू नये. ती बहुधा मेलेली साल खात असते आणि अनुभवी अधिकाऱ्याला ते ठाऊक असते.

पाहणीच्या वेळी स्वतः हजर राहावे, ठेकेदाराला पाठवू नये. फांद्या छाटून धोका टळतो का, हा प्रश्न हमखास विचारला जातो, त्याचे प्रामाणिक उत्तर आधीच ठरवून ठेवावे. टळत असेल, तर छाटणीचीच परवानगी मागावी असे माझे ठाम मत आहे, कारण ती लवकर मिळते आणि सावलीही राहते. मात्र छाटणीलाही परवानगी लागते. रविवारी पहाटे करवत चालवावी किंवा मुळाशी आम्ल ओतून झाड ‘आपोआप’ वाळू द्यावे, हे सल्ले तर निव्वळ घातक आहेत, कारण झाडाला इजा करणे हेदेखील कायद्याच्या दृष्टीने झाड तोडणेच ठरते.

त्यानंतर झाडावर नोटीस लागते, हरकती मागवल्या जातात आणि निर्णय होतो. शेजाऱ्यांना नोटिशीच्या आधीच सांगून ठेवले, तर निम्म्या हरकती येतच नाहीत. झाड 50 वर्षांचे किंवा त्याहून जुने असेल, तर 2021 च्या सुधारणेनुसार ते वारसा वृक्ष ठरते आणि छाननी कडक होते. त्याच सुधारणेनुसार तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी रोपे लावावी लागतात, म्हणून वय अंदाजपंचे लिहू नये. तीस वर्षांच्या गुलमोहराच्या बदल्यात तीस रोपे कोठे लावणार, हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे.

परवानगी हाती आली म्हणून लगेच मजूर बोलावू नयेत. आदेशात झाड कोणत्या तारखेनंतर तोडावे आणि कोणत्या अटी पाळाव्यात हे दिलेले असते, ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. तोडणीच्या दिवशी आदेशाची प्रत जागेवर ठेवावी, म्हणजे कोणी पोलिसांना बोलावले तरी काम थांबत नाही. झाड अर्धवट उन्मळून घरावर टेकले असेल, तर मात्र अर्ज करत बसू नये. अग्निशमन दलाला आणि उद्यान विभागाला ताबडतोब कळवावे आणि फांदी हलवण्यापूर्वी छायाचित्रे काढून ठेवावीत.