भिंतीला पोट असतं

इंटिरिअरचा डिप्लोमा करून लातूरहून संभाजीनगरला आले तेव्हा माझ्याकडे लॅपटॉप होता, दोन सॉफ्टवेअर येत होती आणि स्वतःचा टेप नव्हता. पहिली नोकरी त्या टेपापायीच जाता जाता राहिली.

शहरातल्याच सातारा परिसरातला फ्लॅट. बेडरूममध्ये दोन भिंतींच्या मधे वॉर्डरोब बसवायचा होता. बिल्डरच्या नकाशात ती जागा सात फूट, म्हणून मी 2134 मिलिमीटर धरून ड्रॉइंग काढलं. ऑफिसने पास केलं, वर्कशॉपमध्ये प्लाय कापला, सनमायका चिकटला. साईटवर खोका आत जाईना. मिस्त्रीकाकांनी टेप लावला: जमिनीपाशी सहा फूट अकरा इंच, कमरेपाशी साडेदहा, वर पावणेअकरा. दीड इंचाचा घोळ. "मॅडम, तुमची भिंत कागदावरच सरळ हाय. हिला पोट आलंय." वर ते म्हणाले, बारा सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे मला सगळ्यांदेखत विचारावं लागलं.

आता हे नीट समजून घ्या, कारण कॉलेजात मला हे कुणी सांगितलं नव्हतं. नकाशातलं माप बहुतेक वेळा विटेपासून विटेपर्यंत असतं. दोन्ही बाजूंचं प्लास्टर त्यातला इंचभर खातं. उरलेला अर्धा इंच गवंड्याच्या हातचा. म्हणून माप प्लास्टर, पुट्टी आणि फरशी झाल्यावरच घ्या, आणि एकदा नाही: खाली, कमरेपाशी आणि वर, तेही आत भिंतीला टेकून आणि पुढच्या कडेला. सगळ्यांत जे लहान येईल ते खरं. त्यातूनही अर्धा इंच सोडा आणि फट पट्टीने झाका. कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का ते बघायला एका भिंतीवर तीन फुटांवर खूण करा, दुसरीवर चार फुटांवर. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट भरलं पाहिजे. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची फरशीची पट्टी) किती पुढे आलंय, स्विचबोर्ड कुठे आहे, दाराच्या चौकटीला ड्रॉवर अडतो का, हे तिथेच उभ्याने लिहा. मिलिमीटरच्या शेजारी फूट-इंचही लिहा, मिस्त्री त्यातच बोलतात. आणि दुसऱ्याने व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या मापावर प्लाय कापायला देऊ नका. देऊच नका.

नुकसानीचे पैसे तीन महिने पगारातून कापले गेले. साईटवर जायला बंदी होती, तेव्हा ऑफिसात बसून आयलीन ग्रे या फर्निचर आणि घरं करणाऱ्या डिझायनरबद्दल वाचलं. आयर्लंडमध्ये 1878 साली जन्मलेली ही बाई लंडनच्या स्लेड कलाशाळेत शिकली, पण लाखेचं (झाडाच्या चिकापासून केलेल्या चमकदार लेपाचं) काम शिकायला ती सोहोमधल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिरली आणि मला शिकवा म्हणाली. पुढे पॅरिसला सेइझो सुगावारा या जपानी कारागिराकडे वर्षानुवर्षं हात घासले. त्या लाखेने हातावर पुरळ उठतं, आणि ती वाळायला दमट हवा लागते. (आपलं उलट. जुलैत फ्रेंच पॉलिश मारलंत तर पांढरट पडतं.) तिचं काम पहिल्यांदा प्रदर्शनात लागलं 1913 साली, पस्तिशीत. सहा महिन्यांत डिझायनर करून देतो म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवा.

1922 मध्ये तिने पॅरिसला दुकान काढलं, तेही ज्याँ देझेर अशा नसलेल्याच पुरुषाच्या नावाने. आर्किटेक्चरची पदवी नव्हती, तरी 1926 ते 1929 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर तिने ई-1027 हे घर उभं केलं. त्यासाठी केलेलं काचेचं गोल टेबल वरखाली होतं आणि त्याचा पाय पलंगाखाली सरकतो. बहिणीला पलंगावर बसून न्याहारी करायची सवय होती, म्हणून ते सुचलं असं सांगतात. घरातल्या एका माणसाची एक सवय बघून केलेली वस्तू. रील बघून असलं टेबल सुचत नाही, हे माझं मत.

तिच्याच घराच्या भिंतींवर तिला न विचारता ल कॉर्ब्युझिए या नामांकित आर्किटेक्टने 1938-39 मध्ये चित्रं रंगवली. मोठ्या नावाच्या माणसाकडे सहा महिने फुकट राबून थ्रीडी काढणाऱ्या पोरींनो, एवढं लक्षात असू द्या. त्यापेक्षा एखाद्या सुताराच्या वर्कशॉपमध्ये महिनाभर बसा. चहा सांगा, शिव्या खा.

घाबरू नका, गावाकडून आलो म्हणून मागेही पडत नाही. ज्या अहिल्याबाईंनी आपल्या वेरूळचं घृष्णेश्वर पुन्हा उभं केलं, त्यांच्याच होळकर घराण्यातल्या यशवंतराव दुसऱ्यांच्या इंदूरच्या माणिकबाग महालात ग्रेची ट्रान्सॅट खुर्ची होती. हे वाचलं त्या रात्री मी आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, बरं, जेवलीस का?

ग्रे 1976 मध्ये गेली. तिची ड्रॅगन खुर्ची 2009 च्या लिलावात सुमारे 2 कोटी 19 लाख युरोंना विकली गेली. माझा वॉर्डरोब मिस्त्रीकाकांनी कापून शेवटी बसवला. उजवीकडची पट्टी दुसऱ्या लॉटमधल्या सनमायकाची, म्हणून रंग जरा गडद आहे. त्या फ्लॅटमधल्या काकूंना ती मुद्दाम केलेली डिझाइन वाटते. मी अजून काही बोललेले नाही.