कॅक्टसला चमच्याने पाणी पाजू नका: वाळवंटी झाडांच्या बाबतीत या चुका टाळा

पावसाळा लागला की मला फोटो यायला लागतात. मऊ पडलेला कॅक्टस, काळा पडलेला अडेनियम (फुगीर बुंध्याचं, गुलाबी फुलांचं वाळवंटी झाड), आणि खाली ठरलेलं वाक्य: "अहो, पाणी तर मी घालतच नव्हते!"

घालत होतात. चमच्याने, दर दोन दिवसांनी.

वाळवंटातलं झाड म्हणजे रोज थोडं थोडं पाणी, हा हिशेब कुठून आला देव जाणे. अमेरिकेत ॲरिझोनाच्या सोनोरन वाळवंटातला सग्वारो, म्हणजे तिथला उंचच उंच कॅक्टस, बघा. त्याची बहुतेक मुळं जमिनीखाली जेमतेम चार-सहा इंचांवर असतात, पण पसरतात मात्र झाडाच्या उंचीइतकी. पाऊस येतो तो जोरात येतो. मुळांना नवे बारीक तंतू फुटतात, खोडाच्या घड्या पेटीच्या भात्यासारख्या उघडतात आणि शेकडो लिटर पाणी आत जातं. त्यानंतर जमीन पुन्हा ठणठणीत कोरडी. तुमच्या चमच्याने फक्त वरची माती ओली होते. खालची मुळं सुकतात आणि झाडाच्या मानेशी बुरशीला हवी तशी ओल टिकते.

मी भोकातून पाणी वाहेपर्यंत घालते आणि मग कुंडीकडे बघतही नाही. वार ठरवलेला नाही. उदबत्तीची जुनी काडी तळापर्यंत खुपसायची, कोरडी निघाली तरच पुन्हा पाणी.

दुसरी चूक पावसाळ्याची, आणि तिच्यात घाई मिसळली की झाड गेलंच म्हणून समजा. ठाण्यातल्या एका काकांकडे वर्षानुवर्षं जपलेला, छान बुंधा फुगलेला अडेनियम होता. कुठल्याशा व्हिडिओत 'झटपट फुलं' बघून त्यांनी मे महिन्यात कुंडी बदलली आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नि शेणखत ठासून भरलं. जुलैत कुंडी उघड्या गच्चीवर. पानं पिवळी पडून गळाली, तर काकांना वाटलं तहानलंय, म्हणून वरून आणखी पाणी! मी बघायला गेले तेव्हा बुंध्यात अंगठा सरळ आत गेला.

मग सुरी स्पिरिटने पुसत पुसत कापत गेलो. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी कूज परत चढते, म्हणून पांढरा गर दिसेपर्यंत थांबायचं नाही. जवळजवळ अर्धा बुंधा गेला. कापावर हळद लावली (माझी सवय, शास्त्र विचारू नका) आणि झाड पंख्याखाली उलटं टांगलं. चार दिवसांत काकांचे फोन सुरू: "आता लावू का?" जखम खडखडीत वाळेपर्यंत लावू दिलं नाही. झाड वाचलं, एका अंगाने वाकडं. काका हल्ली पाहुण्यांना ते बोन्साय म्हणून दाखवतात.

सोनोरनमधल्या टूसान शहरात वर्षभरात साधारण ३०० मिलिमीटर पाऊस पडतो, मुंबईत एकट्या जुलैत सरासरी ८०० च्या वर. शिवाय कॅक्टस पर्णरंध्रं, म्हणजे श्वासाची बारीक छिद्रं, रात्री उघडतो, दिवसा मिटून घेतो, म्हणजे मुळात पाणी कमी वापरतो. आपल्या दमट हवेत कुंडी वाळणार कशी? म्हणून जून ते सप्टेंबर कुंड्या छपराखाली, पण उजेडात. माती म्हणाल तर दोन भाग भरड वाळू नि विटांचे तुकडे, एक भाग जुनं खत. चाळून धूळ काढायचीच. चाळायचा कंटाळा असेल तर मनीप्लांट लावा. समुद्रावरची वाळू नको, तिच्यात मीठ असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

सावलीतलं झाड एकदम मेच्या उन्हात ठेवलं की भाजतं. सग्वारोची रोपंसुद्धा लहानपणी दुसऱ्या झाडाच्या सावलीत वाढतात.

टीव्हीशेजारी ठेवलेला कॅक्टस लांबुडका होतो. ती वाढ नव्हे, उजेडासाठीची धडपड आहे.

लाल-पिवळ्या गोळ्याच्या कॅक्टसमध्ये हरितद्रव्य नसतं. तो खालच्या हिरव्या खुंटाच्या जिवावर जगतो, त्यामुळे वेगळा काढून लावू नका.

लिथॉप्सची (गोट्यासारख्या दिसणाऱ्या, दोनच जाड पानांच्या झाडाची) जुनी पानं सुरकुतली की पाणी बंद. नवी जोडी त्यांच्यातलंच पाणी पिते.

कुंडी बदलल्यावर लगेच पाणी नको, तुटलेली मुळं आधी वाळू द्या.

आणि शेराचं झाड किंवा त्रिधारी निवडुंग कापताना चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. गेलाच, तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा.