पहिल्याच ‘=’ वर तोडा

काजूचा हंगाम लागला की वाळपईच्या आमच्या दुकानात बियांच्या पावत्या मी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या छोट्या स्क्रिप्टने काढते. स्क्रिप्टच्या नावापुढे एवढंच लिहायचं:

गाव=केरी वजन=४० शेरा="ओल=जास्त, परत वाळवा"

‘=’ च्या आजूबाजूला जागा सोडू नका. शेल, म्हणजे आपण आज्ञा टाइप करतो तो प्रोग्रॅम, मोकळ्या जागेवरच तुकडे पाडतं, म्हणून शेऱ्याला अवतरणचिन्हं हवीतच. हे तुकडे पायथनसोबतच येणाऱ्या ‘सिस’ मॉड्यूलच्या ‘आर्गव्ही’ यादीत येतात. शून्य क्रमांकावर स्क्रिप्टचं नाव असतं, ते वगळून पुढचे घ्या.

आता खरी मेख. प्रत्येक तुकड्यातलं नाव वेगळं काढायला सुरुवातीला मी ‘स्प्लिट’ वापरलं होतं; ते प्रत्येक ‘=’ वर तोडतं. वरच्या शेऱ्यात दुसरा ‘=’ आला, दोनाऐवजी तीन तुकडे पडले आणि ऐन गर्दीत स्क्रिप्ट बंद पडली. बाहेर गोणी घेऊन माणसं उभी! तेव्हापासून मी ‘पार्टिशन’च वापरते. ते पहिल्याच ‘=’ वर तोडतं आणि नेहमी तीन भाग देतं: डावीकडचं नाव, चिन्ह, उजवीकडचं सगळं. मधला भाग रिकामा आला तर ‘=’ राहून गेलाय; तिथेच थांबून नेमका कुठला तुकडा चुकला ते छापा.

नाव आणि त्याची किंमत (म्हणजे ‘=’ च्या उजवीकडचं) डिक्शनरीत, म्हणजे पायथनच्या जोड्यांच्या यादीत, भरा, पण आधी ते नाव ठरलेल्या नावांत आहे का ते बघाच. नाहीतर ‘वजन’चं ‘वजण’ झालेलं कळतसुद्धा नाही.

किंमत नेहमी मजकूर म्हणून येते, त्यामुळे वजन ‘फ्लोट’मधून काढा, ते मजकुराचा आकडा करतं. देवनागरी ‘४०’ त्याला बरोबर कळतं, मला हे फार आवडतं.