वूंड इन्फेक्शनचा चार्ट आला की आधी काय बघायचं

आमच्या मेडिकल कोडिंगच्या टीममध्ये (डॉक्टरच्या नोटा वाचून निदानाला आणि उपचाराला ठरलेले कोड लावायचं काम) नवीन पोरं आली की (बहुतेक बीएचएमएस, बीफार्म, फिजिओ झालेली) पहिल्या महिन्यात ऑडिटमध्ये, म्हणजे लावलेले कोड तपासले जातात तेव्हा, हमखास मार खातात ते वूंड इन्फेक्शनच्या चार्टवर. ॲनाटॉमी त्यांना माझ्यापेक्षा चांगली येते हो, अडतं भलतीकडेच. त्यांना पेशंट बघून निदान करायची सवय असते आणि इथे आपण निदान करायचंच नसतं, डॉक्टरने काय लिहिलंय तेवढंच वाचायचं. आणि हे सगळं अमेरिकेच्या चार्टबद्दल आहे बरं का, म्हणजे आयसीडी-१०-सीएम (निदानाच्या कोडची अमेरिकन यादी), आपल्याकडच्या हॉस्पिटलच्या फायलींना जसंच्या तसं लावू नका.

चार्ट उघडला की कोडबुककडे धावायच्या आधी एकच बघा, चिघळलेली जखम मुळात आली कुठून. ऑपरेशनचा छेद आहे का, पडून-कापून झालेली आहे, डायबेटिसच्या पायाचा अल्सर आहे, सिझेरियन आहे की आत बसवलेला गुडघा-खुबा इन्फेक्ट झालाय. या प्रत्येकाचं घर वेगळं आहे आणि चुकीच्या घरात शिरलात की पुढचं सगळं चुकत जातं.

साध्या ऑपरेशनचा छेद असेल तर टी८१.४. पूर्वी सगळ्याला एकच कोड होता, १ ऑक्टोबर २०१८ पासून तो फोडला. टी८१.४१ वरवरचं (कातडी आणि तिच्याखालची चरबी, टाक्यापाशी झालेला स्टिच ॲब्सेस म्हणजे गळूसुद्धा इथेच), टी८१.४२ खोल म्हणजे फॅशिया (स्नायूंवरचं आवरण) आणि स्नायू, टी८१.४३ अवयव किंवा पोकळी, उदाहरणार्थ ऑपरेशननंतर पोटात झालेला ॲब्सेस. थर कुठेच लिहिलेला नसेल तर टी८१.४० आहे, पण तो शेवटचा पर्याय, कारण प्रोग्रेस नोटमध्ये नुसतं पोस्टऑप इन्फेक्शन लिहिलेलं असतं आणि पू काढल्याच्या नोटमध्ये त्याच डॉक्टरने सबक्युटेनियस ॲब्सेस (कातडीखालचं गळू, म्हणजे टी८१.४१) असं स्पष्ट लिहून ठेवलेलं असतं, आपण तिथपर्यंत स्क्रोलच करत नाही. सेप्सिस (इन्फेक्शनमुळे सगळ्या शरीरावर होणारा जीवघेणा परिणाम) असेल तर आधी इन्फेक्शनच्या जागेचा कोड, मग टी८१.४४, मग सेप्सिसचा स्वतःचा कोड आणि सिव्हिअर असेल तर आर६५.२ मधला, हा क्रम ठरलेला आहे. टाके उसवले असतील तर तो टी८१.३१, ती वेगळी गोष्ट आहे, उसवणं म्हणजे इन्फेक्शन नव्हे, दोन्ही लिहिलेलं असेल तर दोन्ही घ्या.

सिझेरियनची जखम मात्र टी८१ मध्ये टाकायची नाही, ती ओ८६.० मध्ये जाते, वरवरची असेल तर ओ८६.०१ (ओ हे अक्षर आहे, शून्य नाही, हसू नका, होतं असं) आणि त्याला टी-एस कोडसारखं शेवटी ए-डी अक्षर (खाली सांगते) लागत नाही. उजवा कृत्रिम गुडघा इन्फेक्ट झाला तर टी८४.५३, डावा टी८४.५४. पण गुडघा बदललेल्या पेशंटच्या वरच्या कातडीलाच इन्फेक्शन असेल आणि आतला सांधा ठीक असेल तर ते परत टी८१.४१ मध्येच, फक्त पेशंटला सांधा बसवलाय म्हणून टी८४ लावू नका.

अपघाताच्या जखमेत डब्ल्यूएचओचं आयसीडी-१० शिकून आलेले लोक टी७९.३ शोधत बसतात, तो सीएममध्ये नाहीच. तिथे जखमेचा एस-कोड आणि इन्फेक्शनचा कोड वेगवेगळे द्यायचे, म्हणजे डाव्या पोटरीला कापलंय आणि सेल्युलायटिस (कातडीत पसरणारं इन्फेक्शन) झालाय तर एस८१.८१२ए आणि एल०३.११६. डायबेटिक फूट अल्सरला टाइप टू असेल तर ई११.६२१ आधी, मागून एल९७ मधला, बाजू आणि खोली बघून.

आता माझीच गोष्ट. अपेंडिक्स काढून नववा दिवस, क्लिनिकमधली नोट होती, छेदाभोवती लाली, थोडा स्राव, केफ्लेक्स ५०० मिग्रॅ दिवसातून चार वेळा सुरू, दहा दिवसांनी परत या. मी झटक्यात टी८१.४१एक्सए टाकला आणि पुढच्या चार्टवर गेले. ऑडिटर मॅडमनी चार्ट परत उघडायला लावला आणि म्हणाल्या, इन्फेक्शन हा शब्द दाखव. मी वरून खाली तीनदा वाचलं. नव्हता. अँटिबायोटिक दिलं म्हणजे इन्फेक्शन असणारच हे माझ्या डोक्यातलं होतं, डॉक्टरच्या नोटमधलं नाही. आणि इन्फेक्शन शब्द असता तरी ते ऑपरेशनमुळे झालं हा संबंध डॉक्टरच्या नोटमधूनच दिसायला लागतो, ऑपरेशननंतर झालेलं सगळंच काही कॉम्प्लिकेशन नसतं.

अशा वेळी क्वेरी, म्हणजे डॉक्टरला लेखी प्रश्न, टाकायची आणि ती नीट टाकायची. ‘हे सर्जिकल साइट इन्फेक्शन आहे ना?’ असं विचारणं म्हणजे उत्तर तोंडात घालणं झालं, ते चालत नाही. चार्टमधली लक्षणं तारखेसकट लिहा, दिलेलं औषध लिहा आणि विचारा की या उपचारामागचं निदान कृपया नोंदवावं: छेदाच्या जागेचं इन्फेक्शन (असल्यास खोली), ऑपरेशनशी संबंध नसलेला सेल्युलायटिस, ऑपरेशननंतर अपेक्षित असलेला बदल, इतर, किंवा सांगता येत नाही. पैसे किती वाढतील-कमी होतील हा विषय क्वेरीत काढायचाच नाही.

कल्चर रिपोर्टचंही तेच. लॅबने एमआरएसए (नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारा जंतू) लिहिलं म्हणून त्याचा बी९५.६२ लगेच जोडू नका, तो नुसता कातडीवर बसलेलाही असू शकतो, इन्फेक्शन त्याचंच आहे हे डॉक्टरने म्हटलं पाहिजे. आणि ओपीडीच्या चार्टमध्ये प्रॉबेबल, सस्पेक्टेड असं लिहिलं असेल तर ते कोड होत नाही, ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला नियम वेगळा आहे.

आता टी आणि एस कोडच्या शेवटी येणारं सातवं अक्षर (माझ्या टी८१.४१एक्सए मधला ए, एक्स नुसता जागा भरायला). ए म्हणजे पहिली व्हिजिट हे डोक्यातून काढून टाका, ए म्हणजे सक्रिय उपचार चालू आहे आणि तोही इन्फेक्शनचा, मूळ ऑपरेशनचा नाही. तीन आठवड्यांनी पू काढला तरी ‘ए’ हेच अक्षर. जखम भरत आलीये आणि फक्त तपासून ड्रेसिंग बदललं तर डी.

प्रोसिजरमध्ये एक सापळा आहे. ऑपरेशनच्या इन्फेक्ट झालेल्या जखमेतला पू काढायची कॉम्प्लेक्स प्रोसिजर असेल तर सीपीटी (प्रोसिजरच्या कोडची यादी) १०१८०, साध्या गळवाचा १००६० नाही. मेडिकेअरच्या (अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा) पेशंटला मोठ्या ऑपरेशनच्या ९० दिवसांच्या ग्लोबल काळात (यातली पुढची देखभाल ऑपरेशनच्या फीमध्येच धरलेली असते) त्याच सर्जनने बेडवरच टाके उघडून पू काढला तर वेगळे पैसे नाहीत, ऑपरेशन थिएटरमध्ये परत न्यावं लागलं तरच मॉडिफायर ७८ (प्रोसिजरच्या कोडला जोडायचा आकडा). त्यामुळे नोटमध्ये प्रोसिजर कुठे केली ती ओळ शोधा, आणि सापडली नाही तर त्याचीही क्वेरी टाका, अंदाजाने ७८ लावू नका.