सिंगल टँकसाठी बॅकप्लेट, माझा अनुभव

नागपुरात समुद्र नाही न बाप्पा, डायव्हिंग म्हटलं की विमान आलंच, अन् माझी स्टीलची बॅकप्लेट (पाठीवरची धातूची पाटी, हिलाच सिलिंडर बांधतात) एकटीच पावणेतीन किलोची, वर सिंगल टँक ॲडॉप्टर (एकच सिलिंडर प्लेटवर बसवायचा जोड), मग १५ किलोच्या बॅगेत कपडे काय ठेवू? जाड सूट जास्त तरंगतो, त्या सूटवाल्यांना स्टीलचं वजन ठीक आहे, मी ३ मिमीच्या पातळ सूटवाला. शेवटी ॲल्युमिनियमची घेतली, किलोभर भरते, बुडायला कमी पडलेलं दोनेक किलो शिसं तिथंच डाइव्ह सेंटरवर मिळते. ॲडॉप्टर काढून कॅमबँड (सिलिंडर आवळायचे बकलवाले पट्टे) सरळ विंगच्या (तरंगायला हवा भरायची पिशवी) अन् प्लेटच्या खाचांतून ओवले. पहिल्याच डाइव्हला सिलिंडर घसरत घसरत पार कमरेखाली! चूक माझीच, कोरडा पट्टा आवळला होता, नायलॉन भिजलं की सैल पडते. आता आधी बादलीत बुडवतो, मग बकल लावतो अन् प्लेट वरून धरून उचलून गदागदा हलवतो, सिलिंडर बोटभरही सरकला की पुन्हा बकल खोल.