इंदूरच्या सियागंजात पटाशी घ्यायला जाताना

सकाळी दुकान उघडून झाडलोट झाली की लगेच जा. नंतर लोडिंग रिक्षांच्या गर्दीत सेठजींना बोलायला सवड नसते. रामबागेत माझ्या घरी लाकूडकाम चालतं, म्हणून सांगते: पटाशी म्हणजे लाकूड कोरायची छिन्नी, पण नुसतं "पटाशी द्या" म्हणू नका, काम सांगा. सागाच्या चौकटीत खाच पाडायची आहे म्हटलं की सेठजी स्वतः आतल्या फळीवरचा डबा काढतात. माप सुतात बोला: आठ सूत म्हणजे एक इंच, चार सूत म्हणजे अर्धा.

पटाशीच्या सपाट पाठीवर स्टीलची पट्टी उभी टेकवून उजेडात धरा. फट दिसली तर दुसरी मागा. गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं हत्यार, तर तपासल्याशिवाय घेऊच नका. सरळ कडेच्या फळीला लावून रेघ ओढा, मग गुण्या उलटवून त्याच बिंदूतून दुसरी ओढा. दोन्ही एकावर एक बसल्या तरच काटकोन खरा. हे करताना जुने दुकानदार पेन्सिल आपणहून पुढे करतात, त्याचं मला फार अप्रूप वाटतं. हातोडीच्या दांड्यात लाकडाचे तंतू लांबीच्या दिशेनं गेलेले हवेत.

घासाघीस थोडीच करा. धार लावायचा दगडही तिथूनच घ्या आणि पटाशी त्यावर कशी धरायची ते मोठ्या सेठजींकडून बघून घ्या.